दाद

उर्दूत 'दाद' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मुशायऱ्यात शेर आवडला की देतात ती एक दाद, आणि अंगावर उठते ते दुखणेही दादच. मराठीने पहिला अर्थ घेतला, शिवाय न्याय मागायलाही तोच शब्द ठेवला. अंगावरच्या दुखण्याला मात्र गजकर्ण, नायटा अशी वेगळी नावे दिली. आमच्या शाळेत उर्दूच्या तासाला पहिल्या अर्थाची दाद आली, की मागच्या बाकावरची मुले मनगट खाजवून दाखवतात आणि वर्गात खसखस पिकते. पूर्वी आम्हीही गालातल्या गालात हसत असू. आता हसू येत नाही.

लेख लिहायला बसलो तेव्हा 'मी' म्हणावे की 'आम्ही', असा प्रश्न पडला. आम्ही म्हणजे अम्मी (आमच्या सासूबाई), धाकटी नणंद, दोन मुले, वर्षातून एकदा कुवेतहून सुट्टीवर येणारे मुलांचे अब्बा, आणि चिपळूण तालुक्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या आम्ही. हे दुखणे एकट्या माणसाचे राहत नाही. टॉवेल, चादर, दुपट्टा, सलवार या वाटेने ते घरभर हिंडते. लाज मात्र ज्याची त्याची वेगळी असते. आमच्या घरात सहा माणसे एकाच दुखण्याने पावणेदोन वर्षे बेजार होती आणि त्यातले निम्मे दिवस प्रत्येकाला वाटत होते, की हे फक्त आपल्यालाच झाले आहे. म्हणून 'आम्ही' म्हणतो.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. त्या पुराची हकीकत अनेकांनी लिहिली आहे, पुन्हा सांगत नाही. आमच्या घरात पाणी छातीपर्यंत चढले. गाद्या, कपाटातले कपडे, मुलांची दप्तरे, सगळे चिखलात गेले. पुढचे पाच दिवस आम्ही एका नातेवाइकांच्या वरच्या मजल्यावर चौदा माणसे राहिलो. अंगावरचे कपडे अंगावरच वाळत होते. मदतीत आलेल्या कपड्यांतून ज्याला जे मावेल ते तो घालत होता. टॉवेल दोन होते. वजू केल्यावर, न्हाल्यावर, मुलांचे तोंड पुसायला तेच दोन टॉवेल फिरत. त्या दिवसांत कुणाला अंगाकडे बघायला सवड होती?

पुरानेच हे दुखणे आणले, असे म्हणता येणार नाही. कोकणात पाऊस काय, दर वर्षीचा. जून ते सप्टेंबर घरात दोऱ्या बांधलेल्या असतात, त्यांवर कपडे लोंबत असतात, आणि तीन दिवसांनी काढले तरी शिवण हाताला गारच लागते. ते दमट कपडे घालून आम्ही शाळेत जातो. वरून बुरखा, त्यावर रेनकोट, एस.टी.ची गर्दी. संध्याकाळी घरी येईपर्यंत अंग घामाने आणि पावसाने सारखेच भिजलेले असते. पण त्या वर्षी अंगे थकली होती, कपडे कमी होते आणि ते सगळ्यांचे मिळून होते, एवढे खरे.

सप्टेंबरात कमरेवर, सलवारीची नाडी जिथे बांधतो तिथे, रुपयाएवढा लाल चट्टा दिसला. कडेला बारीक फोड, मध्ये कातडी जवळजवळ साफ. आठवड्याभरात रुपयाची बांगडी झाली. खाज रात्री जास्त. मुले झोपली की आम्ही न्हाणीघरात जाऊन पाणी मारत असू.

आम्ही बी.एस्सी., बी.एड. दर वर्षी नववीला बुरशी शिकवताना पावाचा ओलसर तुकडा डब्यात ठेवतो आणि चार-पाच दिवसांनी डबा उघडून वर्गाला दाखवतो. ओलावा, ऊब आणि अन्न मिळाले की बुरशी वाढते, हे वाक्य इतक्या वर्षांत किती वेळा फळ्यावर लिहिले असेल! पण आपली कातडीही कुणाचे अन्न असू शकते, हे मनात आले नाही. आले असेल तर बाजूला सारले. असले आजार अस्वच्छ माणसाला होतात, शुगर असलेल्याला होतात, अशी समजूत होती. आम्हाला शुगर नव्हती. दिवसातून पाच वेळा वजू करणारी माणसे आम्ही. आम्हाला कशाला दाद होईल?

अम्मींना सांगितले ते निम्मेच. "पाठीवर जरा पुरळ आलंय" असे म्हटले. अम्मींनी टाकळ्याचा पाला वाटून दिला. पावसाळ्यात बांधावर उगवतो तो टाकळा आम्ही भाजी करून खातो; नायट्यावर तो लावायची जुनी रीत आहे. संस्कृतात त्याचे एक नाव दद्रुघ्न, म्हणजे दाद मारणारा. दोन दिवस गार वाटले. मग बांगडीच्या शेजारी दुसरी बांगडी आली.

शेवटी मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवरचा मुलगा आमच्याच शाळेतून शिकून गेलेला.

"काय पायजे, मॅडम?"

"खाजेवर एखादं मलम."

"कुठं आलीय?"

आम्ही गप्प. मागे दोन पुरुष उभे होते. त्यालाच आमची कीव आली असावी. त्याने न बोलता एक ट्यूब कागदी पिशवीत घालून दिली. "ही जोरदार आहे, मॅडम. सगळे हीच नेतात."

ट्यूब खरोखर जोरदार होती. पहिल्या रात्री खाज थांबली. तिसऱ्या दिवशी लाली उतरली. आठव्या दिवशी अंग असे साफ झाले, की दोन रकात शुक्राण्याची नमाज पढलो. लावणे बंद केले. दहा-बारा दिवसांनी पुन्हा खाज, आणि या वेळी चट्टा तळहाताएवढा. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम. असे ते चक्र सुरू झाले.

ट्यूब आम्ही कपाटात घडी केलेल्या जानमाजीच्या मागे लपवली होती. एक दिवस लक्षात आले, की ती फार भरभर संपते आहे. आम्ही लावतो त्याच्या तिप्पट संपते आहे. एका दुपारी कपाटाचे दार उघडले तर नणंद ट्यूब हातात घेऊन उभी. तिचा चेहरा पांढरा पडला. "भाभी, थोडीशीच घेतली," ती म्हणाली. तेवढ्यात मागून अम्मी आल्या. आमच्या दोघींकडे पाहिले आणि म्हणाल्या, "झाकण नीट लावा गं. परवा मी लावली तेव्हा उघडंच होतं."

त्या दिवशी आम्ही तिघी पोट धरून हसलो. घरात एक जिव्हाळा आला. एकाच मलमावर तीन बायका आपापले दुखणे लपवून होत्या, ते उघड झाले. पण उघड झाले म्हणजे काय झाले? आम्ही एकीऐवजी तीन ट्यूब आणू लागलो, एवढेच. डॉक्टरांकडे जावे, असे तिघींपैकी कुणीही म्हटले नाही. कारण डॉक्टर म्हटला की 'दाखवा' म्हणणार.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहितो आहोत, तिच्याकडे वळतो. इथे 'आम्ही' म्हणण्यात थोडी चोरी आहे, कारण हे घरातल्या सहांनी केलेले नाही. पण 'मी' लिहायला हात वळत नाही.

जुलै 2022. नववीतली एक मुलगी तासाला सारखी चुळबुळत असे. शेजारच्या मुली हळूहळू दुसऱ्या बाकावर सरकल्या. ती एकटीच बसू लागली. खेळाच्या तासाला पोटदुखीचे कारण सांगून वर्गात थांबे. एक दिवस शाळा सुटल्यावर तिला प्रयोगशाळेत बोलावले. बराच वेळ मान खाली. मग म्हणाली, "अंदर है, मॅडम. अम्मी को नहीं बोली."

आम्हाला तिचे सगळे समजले. न्हाणीघरातले पाणी समजले, रात्री समजल्या. पर्समध्ये आदल्याच दिवशी घेतलेली नवी ट्यूब होती. ती तिच्या हातात ठेवली. तिने विचारले, "कब तक लगाऊँ?"

आम्ही म्हणालो, "ठीक होने तक."

चार दिवसांनी ती हसत वर्गात आली. पुढच्या महिन्यात खेळाच्या तासाला मैदानावर दिसली. आम्हाला फार समाधान वाटले. शिक्षकाच्या आयुष्यात असे समाधानाचे दिवस थोडेच येतात, असे त्या रात्री डायरीत लिहिलेही.

डिसेंबरात मुलांचे अब्बा सुट्टीवर आले. कुवेतमध्ये ते एका खोलीत आठ जण राहतात. जाताना त्यांच्या सामानात मसाला, लोणचे, सुके बोंबील आणि सहा ट्यूब होत्या. "खोलीतल्या सगळ्यांना हवी आहे," ते म्हणाले. त्यांनाही कधीपासून होते, आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये आमच्या सात वर्षांच्या मुलाच्या गालावर चट्टा उठला. आम्ही सवयीने ट्यूब लावली. गाल लालभडक झाला, मग चट्टा कानापर्यंत गेला आणि त्याला धड गोल आकारही राहिला नाही. त्याच्या शाळेतून चिठ्ठी आली, बरे झाल्यावर पाठवा. आम्ही स्वतः शिक्षिका, अशा चिठ्ठ्या आम्हीही लिहिल्या असतील. ती चिठ्ठी हातात घेऊन बसल्यावर कळले, की आईच्या हातात ती किती जड लागते. कमरेचे झाकता आले होते, गालावरचे झाकता येईना. तेव्हा कुठे त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंकडे गेलो.

त्यांनी मुलाच्या गालावरचा कोंडा पातीच्या बोथट बाजूने काचपट्टीवर खरवडून घेतला, वर पोटॅशिअम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आम्ही विज्ञान शिकवतो हे कळल्यावर म्हणाल्या, "या, बघा." आम्ही वाकून पाहिले. फिकट पेशींमधून फांद्या फुटलेले लांब धागे गेले होते. पावावरची बुरशी वर्गाला दाखवत आलो होतो. ही आमच्या लेकराच्या गालावरची होती.

"घरात आणखी कुणाला आहे?"

"नाही."

डॉक्टरबाई काही बोलल्या नाहीत. "काय लावत होता ते आणलंय?" आम्ही ट्यूब पुढे केली. त्यांनी ती उजेडाकडे धरून बारीक इंग्रजी अक्षरे वाचून दाखवली. "एक बुरशीचं औषध. एक जिवाणूंचं, त्याची इथे गरजच नाही. आणि हे तिसरं, क्लोबेटासॉल. हे स्टेरॉइड आहे, लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जोरदार. तुम्हाला आराम मिळत होता तो याचा."

मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. ही बुरशी कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरावर जगते. त्या थरात, केसांत आणि नखांत केराटिन नावाचे प्रथिन असते, तेच तिचे अन्न. ती खात खात बाहेर सरकते, म्हणून कडा लाल आणि मध्य साफ, म्हणून ती बांगडी. खाज आणि लाली बुरशीपेक्षा आपल्या शरीराने तिच्याशी केलेल्या झटापटीमुळे असते. स्टेरॉइड ही झटापटच थांबवते. पहारेकऱ्याला झोपेचे औषध दिले, की घरात शांतता होते, पण चोर आतच असतो. तो निवांत पसरतो. मलम थांबवले, की पहारेकरी जागा होतो आणि पाहतो तर अर्धे घर गेलेले. कडा पुसल्या गेल्यामुळे पुढे डॉक्टरलाही ओळखणे अवघड जाते; अशा वेश पालटलेल्या गजकर्णाला 'टिनिया इन्कॉग्निटो' असे नाव आहे. शिवाय स्टेरॉइडने कातडी पातळ होते. जांघेत, काखेत, जिथे ती मुळातच नाजूक आणि झाकलेली, तिथे लवकर. मग बाळंतपणानंतर पोटावर पडतात तशा जांभळट रेघा पडतात. त्या पुढे पांढुरक्या होतात, पण जात नाहीत.

"कायमच्या?" आम्ही विचारले.

"कायमच्या."

आमच्या डोळ्यांसमोर ना अम्मी आल्या, ना नणंद. मैदानावर धावणारी ती मुलगी आली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "उद्या घरातल्या सगळ्यांना घेऊन या. आणि मॅडम, उद्या खरं सांगा."

दुसऱ्या दिवशी सगळे गेलो. अम्मींची पाळी आली तेव्हा त्या आधी तपासून घेईनात. म्हणाल्या, "डॉक्टर, असल्या अंगानं माझी नमाज होत असेल का?" तेव्हा आम्हाला कळले, की गेले सहा महिने अम्मी खुर्चीवर बसून नमाज पढत होत्या ते गुडघ्यांमुळे नव्हे, जांघेतली कातडी फाटली होती. आणि आपली जानमाज त्या कुणाला वापरू देत नव्हत्या, त्याचेही कारण समजले. डॉक्टरबाईंनी त्यांचा हात धरला. "नमाजेचं मला सांगता यायचं नाही, आजी. पण हा घाणीचा आजार नाही. पापाचा तर नाहीच नाही. धडधाकट, रोज अंघोळ करणाऱ्या माणसांनाही हा होतो."

तपासणीत कुणालाच शुगर निघाली नाही. उलट आम्ही जंतुनाशक साबणाने दिवसातून तीनदा घासत होतो, त्याने कातडी आणखी सोलली जात होती. स्वच्छता आणि कोरडेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला नव्याने शिकावे लागले. वजूत पायांच्या बोटांमध्ये बोट फिरवून पाणी पोचवायला लहानपणी शिकवतात. ती जागा नंतर पुसून कोरडी करायची आणि त्यासाठी आपापला रुमाल ठेवायचा, एवढी भर आता आमच्या घरात पडली आहे.

औषध सुरू झाले. ट्यूब बंद केल्यावर पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. खाज दुपटीने उसळली. डॉक्टरबाईंनी ते आधीच सांगून ठेवले होते म्हणून निभावले. मोठ्यांना कॅप्सूल, मुलाला वजनाप्रमाणे वेगळे औषध, आणि साधे, स्टेरॉइड नसलेले मलम, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे लावायचे. चट्टा दिसेनासा झाला, तरी आणखी दोन आठवडे लावायचे. 24 मार्चला रमजान सुरू झाला. अम्मींना रोजाची काळजी. पण ही कॅप्सूल भरपेट जेवणानंतरच घ्यायची असते, त्यामुळे इफ्तारनंतरचे जेवण आणि कॅप्सूल असा मेळ बसला. पोटात आम्ल कमी असले, तर ती नीट शोषली जात नाही, म्हणून अम्मींच्या ॲसिडिटीच्या गोळीला तेवढे दिवस डॉक्टरांनीच रजा दिली. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, त्यावर वेगळ्या रंगाचा दोरा. गळून पडलेल्या कोंड्यातही बुरशी महिनोन्‌महिने टिकते, म्हणून चादरी आणि आतले कपडे कडक गरम पाण्यात वेगळे भिजवायचे, उलटे करून उन्हात टाकायचे, ऊन नसेल तर शिवणींवर इस्त्री फिरवायची. घट्ट लेगिंग्ज गेल्या, सुती सैल सलवारी आल्या. हे सगळे तीन महिने. खर्च किती आला ते लिहीत नाही, पण नणंदेच्या सोन्याच्या कुड्या त्या ईदला झाल्या नाहीत.

मुलांच्या अब्बांना फोनवर सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, "खोलीत आठ जण आहेत. मी एकट्याने औषध घेऊन काय होणार?" दुखणे त्यांना आमच्याआधी समजले होते. पुढे आठही जण एका सुट्टीच्या दिवशी मिळून डॉक्टरांकडे गेले.

एवढे सगळे करत असताना एक काम आम्ही टाळत होतो. मे महिन्याच्या सुट्टीत ते करायचे ठरवले.

त्या मुलीची आई कपडे शिवते. मशीन बाजूला सारून तिने खुर्ची पुसली, सरबत आणले. मॅडम घरी आल्या म्हणून शेजारणी डोकावून गेल्या. आम्ही म्हणालो, दार लावून घ्या. मग सांगितले. मुलगी उठून आत गेली आणि कंपासपेटी घेऊन आली. तिच्यात पाच रिकाम्या ट्यूब होत्या, पिळून चपट्या केलेल्या. आईला अखेर कळले होते, आणि आईनेच आणून दिल्या होत्या. प्रत्येक वेळी रिकामी ट्यूब मेडिकलमध्ये दाखवून ती नवी आणायची. "दुकानदार दुसरी देत होता. मी म्हटलं, नको, मॅडमनी दिली तीच पाहिजे," आई म्हणाली.

आत नेऊन मुलीने दाखवले. दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला बोटभर लांबीच्या जांभळ्या रेघा होत्या. दहा महिन्यांच्या.

"मॅडम, ये लकीरें जाएँगी ना?"

शिक्षकाला मुलांशी खोटे बोलायची सवय असते. येईल हो तुला, पास होशील, असे रोज बोलतो. त्या दिवशी बोलता आले नाही. म्हणालो, "फिक्या होतील. जाणार नाहीत." ती रडली नाही. कंपासपेटी बंद केली. आईच म्हणाली, "आप ने तो भले के लिए दिया था." त्या वाक्याने जे झाले ते शिवी दिली असती तर झाले नसते.

तिला डॉक्टरबाईंकडे नेले. ऑगस्टपर्यंत दाद गेली. रेघा आहेत.

आता दाद मागायची तर कुणाकडे? 2018 साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या सूचीत घातली. त्याच वर्षी औषधांच्या शेकडो मिश्रणांवर बंदीही आली. आम्ही ट्यूब घेतली ती त्यानंतर तीन वर्षांनी. आमच्याकडे कुणी चिठ्ठी मागितली नाही. पण आम्हीही दाखवण्याची लाज वाटते म्हणूनच तिथे गेलो होतो, आणि पुढे ती ट्यूब चिठ्ठीशिवाय एका लेकराच्या हातात ठेवली. दुकानदाराकडे बोट दाखवले, तर उरलेली बोटे आपल्याकडे वळतात.

त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डोक्यात गजकर्ण झालेल्या मुलांसाठी वेगळी शाळाच होती, कारण इतर शाळा त्यांना घेत नसत. तिथेच डॉ. साबुरो यांनी या बुरशींचा आयुष्यभर अभ्यास केला. प्रयोगशाळेत बुरशी वाढवायचे त्यांच्या नावाचे माध्यम आजही वापरतात. तेव्हा त्या मुलांचे केस क्ष-किरणांनी झडवत असत. पोटातून घ्यायचे औषध, ग्रिसिओफल्विन, 1939 साली एका बुरशीतूनच वेगळे काढले गेले, आणि माणसांना ते मिळायला 1958-59 उजाडले. त्या वेगळ्या शाळेतली मुले कोणत्या बाकावर बसत असतील, असे मनात येते, आणि आमच्या वर्गातला तो एकटा बाक आठवतो.

दुसरी गोष्ट वाचून मान खाली गेली. साधारण 2013-14 नंतर भारतात हे साधे गजकर्ण औषधांना जुमानेनासे झाले. त्यातल्या एका बुरशीला 2020 साली जपानच्या संशोधकांनी वेगळे नाव दिले, 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनिये'. त्या नावात आपला देश आहे. टर्बिनाफिन नावाचे औषध बुरशीच्या एका विकरावर घाव घालून तिची पेशीभिंतीआडची पातळ पटलरचना बनू देत नाही; या बुरशीच्या अनेक वाणांत त्या विकराचा साचाच बदललेला आढळतो, त्यामुळे घाव लागत नाही. ती आता देशोदेशी सापडते. 2023 मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांत सापडल्याची नोंद झाली. अर्धवट उपचार आणि स्टेरॉइडची मिश्र मलमे यांचा या साथीत मोठा वाटा आहे, असे त्वचारोगाचे डॉक्टर सांगतात. आमच्या घरात कोणती बुरशी होती, ती तपासणी झाली नाही. पण कुवेतला गेलेल्या त्या सहा ट्यूब आम्हाला विसरता येत नाहीत.

आमच्या घरात कोकणी बोलतात, शाळेत उर्दू, एस.टी.त मराठी. ट्यूबवरची अक्षरे चौथ्याच भाषेतली, तीही मुंगीएवढी. म्हणून आता नववीला बुरशीचा धडा शिकवून झाला, की पावाच्या डब्याबरोबर एक चपलेचा खोकाही वर्गात नेतो. त्यात रिकाम्या ट्यूब असतात. त्यांतल्या पाच त्या कंपासपेटीतल्या. तिनेच दिल्या, नाव सांगायचे नाही या बोलीवर. प्रत्येक गटाला एक ट्यूब आणि एक भिंग. फळ्यावर उर्दूत आणि इंग्रजीत चार नावे लिहितो: क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन. ज्या ट्यूबवर यांपैकी एखादे असेल, ती दादीवर आपल्या मनाने लावायची नाही आणि कुणाला द्यायची नाही. मुले भिंगातून वाचत असतात. कुणाला नाव सापडले, की "मॅडम, मिला!" असा ओरडा होतो.

पहिल्या वर्षी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. सगळे हसायच्या तयारीत. त्याने विचारले, "मॅडम, आप को भी हुआ था क्या?"

"हाँ," आम्ही म्हणालो. "हम को भी. घर में सब को."

कुणी हसले नाही. तास संपल्यावर दोन मुली आणि तो मुलगा स्टाफरूमच्या दाराशी घुटमळत राहिले. पर्स उघडली नाही. कागदावर डॉक्टरबाईंचा पत्ता आणि वेळ लिहून दिली आणि सांगितले, एकटे जाऊ नका, घरातल्या सगळ्यांना घेऊन जा.